एकच बीज, एकच तळं, तरी एक कोळंबी २४ ग्रॅमची आणि दुसरी ९ ची. दोष रक्ताचा की पोटाचा?

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

काल सॅम्पलिंग केलं. वनामी जातीच्या कोळंबीचं बीज सोडून ९२ दिवस झालेत. चार कोपऱ्यांत चार वेळा पाग टाकला, शंभरावर कोळंबी आली. क्रेटमध्ये ओतली तर वाटलं दोन वेगवेगळ्या तळ्यांचा माल एकत्र झालाय. बोटभर आणि वीतभर शेजारी शेजारी उड्या मारतायत. एकेक वजनाला लावली. सगळ्यात मोठी २४ ग्रॅम, सगळ्यात लहान ९. सरासरी १६. आकड्यात बघितलं तर रडण्यासारखं काही नाही, पण माल घ्यायला येणारा सरासरी बघत नाही, काउंट बघतो, म्हणजे किलोला किती नग बसतात ते.

बीज एकाच हॅचरीचं, एकाच टाकीतलं, एकाच सकाळी सोडलेलं. खाद्य तेच, पाणी तेच, एअरेटर तेच. मर फारशी नाही. विष्ठा पांढरी नाही. चेक ट्रे, म्हणजे खाद्य संपतंय का बघायला पाण्यात ठेवलेलं ताट, दोन तासांत साफ होतो.

बीज देणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "बीज ए-वन होतं, तुमच्या तळ्यात कोळंबीचं पोट बिघडलंय, आतड्यातले जीवाणू तपासा." प्रोबायोटिक देणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "आईबापच नात्यातले असणार, रक्त पातळ झालंय. पण माझी पावडर वाढवली तर सावरेल."

तर जाणकारांना प्रश्न असा: कोळंबीची वाढ नक्की ठरवतं कोण, आनुवंशिकता की आतड्यातले जीवाणू? आणि तळ्याच्या बांधावर उभं राहून माझ्यासारख्याला ते ओळखता येतं का?

गंमतराव

आम्ही दोघे भाऊ. एकच आईबाप, एकच ताट, एकच शाळा. एक सहा फुटांचा आणि दुसरा मी. उत्तर सापडलं की व्यनि करा.

पिकले_केस

तळ्याकाठी, रक्त आणि पोट दोन्ही जरा बाजूला ठेवा. नर किती आणि माद्या किती ते मोजलंत का?

वनामीत आणि टायगरमध्येही मादी नरापेक्षा मोठी होते. पहिला महिना-दीड महिना फरक जाणवत नाही. पुढे मात्र माद्या सुटतात आणि नर मागे राहतात. तीन महिन्यांच्या पिकात हे डोळ्यांना दिसायला हवं. कोळंबी उताणी धरा. पोहायच्या पायांच्या पहिल्या जोडीवर दोन पाकळ्या जुळल्यासारखा अवयव दिसला तर नर. तिथे काही नसेल आणि चालायच्या शेवटच्या पायांच्या मधोमध छातीवर उंचवटे दिसले तर मादी. पाच-सहा कोळंब्या बघितल्या की डोळा बसतो. मोठ्या ढिगातल्या तीस आणि लहान ढिगातल्या तीस बघा आणि मग इथे या.

दुसरं, हाताला मऊ लागलेल्या कोळंब्या वेगळ्या काढून वजन केलं होतं की सगळ्या सरसकट?

चौकस_चिमणी

मी या धंद्यातली नाही, सहज डोकावले. मऊ कोळंबीचा वजनाशी काय संबंध?

पिकले_केस

चिमणीताई, कोळंबी आपल्यासारखी रोज थोडी थोडी वाढत नाही. कवच ताणत नाही, म्हणून ती कात टाकते. जुनं कवच पाठीवर, डोकं आणि शेपटीच्या सांध्यात फाटतं, एक झटका देऊन ती मागच्या मागे बाहेर येते, मग भराभर पाणी पिऊन फुगते आणि नवं कवच त्या मापावर घट्ट होतं. आत मांस भरायचं काम त्यानंतर. म्हणजे वाढ जिन्याच्या पायऱ्यांसारखी असते. काल वर चढलेली आणि उद्या चढणार असलेली शेजारी ठेवली तर फरक दिसणारच. तरी २४ आणि ९ हा फरक एका पायरीचा नाही, चांगला मजल्याचा आहे.

सूक्ष्मदर्शी

काकांच्या मुद्द्याला एक शेपूट जोडते, कारण धाग्याच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. कात टाकताना कोळंबी फक्त बाहेरचं कवच टाकत नाही. तिच्या जठराला आणि आतड्याच्या शेवटच्या भागाला आतूनही त्याच जातीचं अस्तर असतं, तेही निघून जातं. टाकलेली ताजी कात पाण्यात अलगद उलगडून बघा, जठरातल्या दळायच्या दातांसकट सगळा साचा मिळतो. त्या अस्तरावर बसलेले जीवाणू अर्थातच त्याबरोबर जातात.

मधलं आतडं मात्र असं अस्तर नसलेलं. टिकाऊ वस्ती असली तर तिथे. तेव्हा "आतड्यातले जीवाणू" म्हणताना कुठल्या आतड्यातले आणि कात टाकल्यापासून कितव्या दिवशीचे, हे आधी विचारायला हवं. बहुतेक जाहिराती विचारत नाहीत.

गंमतराव

म्हणजे दर काही दिवसांनी पोटाचा भाडेकरार संपतो. घरमालकांनी नोंद घ्यावी.

बेरीज_वजाबाकी

आनुवंशिकतेच्या बाजूने मी बोलतो. पोटापाण्याचा धंदा तोच आहे, फक्त माझे प्राणी वेगळे.

"एकाच टाकीतलं बीज" म्हणजे "एकाच आईचं बीज" नव्हे. वनामीची एक मादी एका वेळी साधारण एक ते अडीच लाख अंडी घालते. हॅचरीच्या मोठ्या टाकीत त्याच्या कितीतरी पट पिल्लं असतात. तेव्हा तुमच्या तळ्यात अनेक आया आणि अनेक बाप आहेत. एकाच आईबापांची पिल्लं घेतली तरी सारखी निघत नाहीत. वनामीत गुणसूत्रांच्या ४४ जोड्या आहेत. प्रत्येक पिल्लाला प्रत्येक जोडीतलं कुठलं येणार याची चिठ्ठी नव्याने निघते. गंमतराव आणि त्यांचे बंधू हेच त्याचं उदाहरण.

२०१९ मध्ये वनामीचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. पंचवीस हजारांवर जनुकं आणि जवळजवळ २४ टक्के भाग नुसत्या छोट्या अक्षरमालांच्या पुनरावृत्तीचा. वाढीचं एखादं "मास्टर जनुक" सापडेल अशी आशा असणाऱ्यांची निराशा झाली. वाढीवर शेकडो ठिकाणांचा थोडा थोडा परिणाम असतो. बीजाच्या पाकिटावर "ग्रोथ जीन" लिहिलेलं दिसलं तर हसून पाकीट खाली ठेवा.

म्हणून आनुवंशिकता कमजोर आहे असं मात्र नाही. वाढीसाठी निवड केली की फरक पडतो, आणि झपाट्याने पडतो. हवाईतल्या ओशनिक इन्स्टिट्यूटचा २००२ साली छापून आलेला प्रयोग बघा. वाढीसाठी निवडलेल्या आईबापांची पुढची पिढी निवड न केलेल्यांपेक्षा २१ टक्के जड निघाली, फक्त एका पिढीत. शेजारीच दुसरी ओळ होती, तिच्यात टॉरा विषाणूपुढे टिकण्यावर जास्त भर दिला होता. ती रोगात जास्त जगली, पण वजनात जराशी मागे पडली. दोन्ही लाडू एका हातात येत नाहीत, निदान सहज येत नाहीत.

आणि एक गैरसमज. वाढीची आनुवंशिकता ०.३ आहे म्हणजे तुमच्या कोळंबीच्या १६ ग्रॅमपैकी ३० टक्के ग्रॅम आईबापांचे, असं नसतं. त्या कळपात, त्या परिस्थितीत, जो *फरक* दिसतो त्यातला किती वाटा रक्ताचा, एवढंच तो आकडा सांगतो. तळं बदललं की आकडा बदलतो.

चौकस_चिमणी

शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. आता कळलं. वाचनखूण साठवली आहे.

डोसवाला

चर्चा चांगली आहे, पण पुस्तकी. मी स्वतः तीन पिकं बॅसिलस, म्हणजे प्रोबायोटिक पावडरीतला जीवाणू, वापरून काढली. खाद्याला लावून दिलं, पाण्यात सोडलं. आधीपेक्षा माल एकसारखा निघाला, खाद्य कमी लागलं. रक्त बदलणं आपल्या हातात नाही, पोट आहे. मग जे हातात आहे ते करावं ना!

पिकले_केस

डोसवाले, शेजारचं एखादं तळं बिनपावडरचं ठेवलं होतंत का?

डोसवाला

नाही. नुकसान कोण सोसणार?

पिकले_केस

मग त्या तीन पिकांत पावडर चांगली होती, बीज चांगलं होतं की हवामान, ते कसं कळलं?

डोसवाला

काका, तुमच्या वयाचा मान ठेवून गप्प बसतो.

रात्रपाळी

भांडू नका. मी हॅचरीत काम करतो, कुठल्या ते विचारू नका. धागाकर्त्यांच्या "एकाच टाकीतलं बीज" या वाक्यावर मलाही हसू आलं, पण कारण वेगळं.

अंड्यातून निघालेलं पिल्लू सुरुवातीला काही खात नाही, पोटातल्या बलकावर जगतं. तोंड उघडतं ते पुढच्या अवस्थेत, झोइया झाल्यावर. तेव्हा आम्ही शेवाळ देतो. शेवाळाबरोबर आणि पाण्याच्या घोटाबरोबर पहिले जीवाणू आत जातात. पिल्लाच्या पोटाची पाटी कोरी असते, जो आधी पोचला त्याचं नाव आधी लिहिलं जातं. आता समजा एका टाकीत काल रात्रीची आणि आज पहाटेची पिल्लं एकत्र केली. करू नये, पण मागणी असली की होतं. पहाटेची पिल्लं तोंड उघडतात तेव्हा टाकीत रात्रीच्या पिल्लांची विष्ठा असते, खाणं अर्धं संपलेलं असतं. एकाच टाकीत दोन वेगळी बालपणं. पुढे ग्रेडिंग नीट केलं तर लहान वेगळी निघतात. घाईत ती सगळ्यांबरोबर पिशवीत जातात.

माझा स्वतःचा किस्सा. नवीन होतो तेव्हा वाटायचं, पाणी जितकं निर्जंतुक तितकं चांगलं. एकदा क्लोरीन दणकून मारलं, उतरवलं, पिल्लं सोडली, खूश. तिसऱ्या रात्री फेरीला गेलो, दिवा बंद केला आणि टाकी निळसर हिरवी चमकत होती. हात घालून ढवळलं तर बोटांमागे उजेडाची रेघ. दोन मिनिटं सुंदर वाटलं, मग पोटात गोळा आला. चमकणारा व्हिब्रिओ जीवाणू. सकाळपर्यंत टाकीचा तळ पांढरा झाला होता.

सूक्ष्मदर्शी

रात्रपाळी, अंगावर काटा आला. पण तुम्ही जे बघितलं त्यामागचं कारण फार सरळ आहे.

पाण्यात दोन वृत्तींचे जीवाणू असतात. काही सावकाश वाढणारे, थोडक्यात भागवणारे, गर्दीत टिकणारे. काही संधिसाधू, मोकळी जागा आणि भरपूर खाणं दिसलं की तासातासाला दुप्पट होणारे. व्हिब्रिओ दुसऱ्या टोळीतला. क्लोरीन दोघांनाही मारतं. नंतर मोकळ्या पाण्यात खाद्य पडलं की शर्यत कोण जिंकणार? म्हणून मत्स्यबीज केंद्रांसाठी नॉर्वेतल्या संशोधकांनी मांडलेली कल्पना अशी की निर्जंतुक केलेलं पाणी लगेच वापरू नका, फिल्टरवरच्या सावकाश जीवाणूंना त्यात आधी नांदू द्या, मग पिल्लं सोडा. म्हणजे पाणी थोडं मुरू द्यायचं, लोणच्यासारखं.

आता मूळ प्रश्न. कोळंबीच्या आतड्यात प्रोटिओबॅक्टेरिया गटाचं राज्य असतं, त्यात व्हिब्रिओही आला. निरोगी कोळंबीतही तो असतोच. प्रयोगशाळेच्या हिरव्या बशीवर, म्हणजे टीसीबीएसवर, पिवळ्या वसाहती आल्या तर "चांगला", हिरव्या आल्या तर "वाईट" अशी बांधावर समजूत आहे. बशी फक्त एवढंच सांगते की कोण साखर आंबवतो आणि कोण नाही. पिवळ्यांतही त्रास देणारे आहेत, हिरव्यांतही निरुपद्रवी आहेत. शिवाय आतड्यातले बहुसंख्य जीवाणू त्या बशीवर उगवतच नाहीत, त्यांची ओळख पटवायची तर जीवाणूंचं १६एस नावाचं जनुक वाचावं लागतं.

असं वाचन झालेलंही आहे. चीनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एकाच तळ्यातल्या खुरटलेल्या, साधारण आणि भरमसाट वाढलेल्या कोळंबीची आतडी ताडून पाहिली, अगदी तळ्याकाठींच्या क्रेटसारखी. जीवाणूंच्या वस्त्या वेगळ्या निघाल्या. साधारण कोळंबीच्या आतड्यात कोण राहणार हे जास्त ठरीव दिसलं, खुरटलेल्या आणि भरमसाट वाढलेल्या दोन्हींत कमी. थोडक्यात, साधारण कोळंबी आपल्या दारात चौकीदार ठेवते, खुरटलेलीचं आणि भरमसाट वाढलेलीचं दार जरा उघडं.

पण इथेच ठेच लागते. जीवाणू वेगळे म्हणून ती खुरटली, की खुरटली म्हणून जीवाणू वेगळे? मोठी कोळंबी चांगलं खाद्य आधी गाठते, लहान तिच्या मागे तळातला गाळ चिवडते. खाणं वेगळं की आतडं वेगळं होणारच. पावसात छत्र्या उघडलेल्या दिसतात म्हणून छत्र्यांनी पाऊस पडतो असं आपण म्हणत नाही.

मिशाळ

+१. छत्रीचं उदाहरण ढापणार आहे.

अवांतर: गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीत, स्कँपीत, हा आकाराचा खेळ पोट आणि रक्त दोन्ही सोडून तिसऱ्याच गोष्टीवर चालतो: दादागिरीवर. तिथे नर मोठे. निळ्या नांग्यांचा दादा, नारिंगी नांग्यांचे होतकरू आणि तळाशी खुरटलेले बारके नर. दादा आहे तोवर बारके वाढत नाहीत. दादा काढून घेतला की त्यातले काही झपाट्याने वाढायला लागतात. रक्त तेच, तळं तेच, फक्त साहेब बदलला.

गंमतराव

हे आमच्या हापिसात छापून लावतो.

बेरीज_वजाबाकी

मिशाळ, अवांतर नाही हो ते. स्कँपीत इस्रायलमध्ये अमीर सागी यांच्या गटाने एक नराचं संप्रेरक गप्प करून, म्हणजे आरएनए इंटरफिअरन्सने, नरांच्या माद्या केल्या आणि त्यांच्याकडून सगळी नर पिल्लं मिळवली. वनामीत उलट, सगळ्या माद्या हव्यात, कारण तिथे मादी मोठी.

सूक्ष्मदर्शीताईंच्या छत्रीबद्दल: कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे सोडवायचा रस्ता आहे. वेगवेगळ्या कुळांची पिल्लं घ्यायची, शेपटीच्या मांसात कुळाकुळाच्या रंगाचा रबरी ठिपका टोचायचा आणि सगळी एकाच टाकीत वाढवायची. पाणी, खाद्य, जीवाणूंचा साठा सगळं सामाईक. तरीही कुळागणिक आतड्यातली वस्ती वेगळी निघाली तर रक्त चौकीदाराची निवड करतंय. असं काही कुळांत दिसलेलंही आहे. म्हणजे "रक्त की पोट" हा प्रश्न "वडील की आई" असा विचारल्यासारखा आहे. रक्ताचा थोडा परिणाम पोटामार्फतच होत असणार.

आणखी एक. निवडपैदास होते ती स्वच्छ, बंदिस्त, रोगमुक्त केंद्रात. तिथे पहिला आलेला आईबाप गाळाच्या, गर्दीच्या तळ्यात पहिला येईलच असं नाही. क्रम बदलतो. बीजवाला खोटं बोलत नसतो, त्याचं बीज त्याच्या टाकीत खरंच ए-वन असतं.

चौकस_चिमणी

मध्ये कुठेतरी वाचलं की आईबाप एसपीएफ असले की रोगाची भीती नाही. मग हे सगळं कशाला?

रात्रपाळी

ताई, हा गैरसमज आमचे विक्रीवालेही आनंदाने पसरवतात. एसपीएफ म्हणजे ठराविक यादीतले रोगजंतू त्या प्राण्यात *नाहीत*. त्याला रोग *होणार नाही* असं नव्हे. धुतलेला शर्ट आणि पाणी न लागणारा रेनकोट यांत फरक आहे. आणि तो प्राणी केंद्राच्या दारातून बाहेर पडून आमच्या टाकीत आला की ती पदवी तिथेच संपते. आम्ही आयांना पिकवायला समुद्री किडे खायला घालतो. किडे तपासून घेतले नाहीत तर ईएचपी नावाचा रोगजंतू त्यांच्यामार्फत येतो. आई रोगमुक्त, जेवण रोगयुक्त.

पिकले_केस

शेवटी कुणीतरी ते नाव काढलं. मी वाटच बघत होतो.

तळ्याकाठी, मर नाही, चेक ट्रे साफ, आणि आकारात एवढी तफावत. याला बांधावरची माणसं आधी ईएचपी म्हणतात, रक्त आणि पोट नंतर. हा जीवाणू नाही आणि विषाणूही नाही, बुरशीच्या चुलतघराण्यातला मायक्रोस्पोरिडिया आहे. २००९ मध्ये थायलंडात त्याचं बारसं झालं. कोळंबीच्या पचनग्रंथीच्या पेशीत घुसून बसतो आणि तिची शक्ती चोरतो. कोळंबी मरत नाही, खाते, फिरते, फक्त वाढत नाही. चोर असा की घर पाडत नाही, रोज डब्यातली अर्धी पोळी खातो. विष्ठेतून बाहेर पडतो, दुसरी ती चिवडते, तिच्यात जातो.

आकारातली तफावत घडवणारा आणखी एक जुना पाहुणा म्हणजे आयएचएचएन विषाणू. त्यात नाकाचं टोक वाकडं, मिशा चुरगळलेल्या दिसतात. तेही बघा. आणि दोन्हींची पीसीआर करा. मोठ्यांची आणि लहानांची *वेगवेगळी*. एकत्र वाटून पाठवलीत तर पैसे पाण्यात.

डोसवाला

हे मान्य. पीसीआर आधी, पावडर नंतर. (गप्प बसणार होतो, पण राहवलं नाही.)

सूक्ष्मदर्शी

डोसवाल्यांच्या बाजूनेही एक सांगते, मगाशी त्यांना फार एकटं पाडलं. बॅसिलस निरुपयोगी नाही. तो प्रथिनं आणि पिष्ट फोडणारी विकरं सोडतो, व्हिब्रिओशी जागेसाठी भांडतो, तळातला सेंद्रिय कचरा खातो. पण तो कोळंबीच्या आतड्यात बहुतेक वेळा पाहुण्यासारखा असतो. खाद्य तास-दोन तासांत आतड्यातून निघून जातं आणि पाहुणाही निघतो. देणं थांबवलं की ओसरतो. म्हणून "एकदा दिलं, पोट सुधारलं" असं होत नाही. कोळंबीला आपल्यासारखी प्रतिपिंडंही नाहीत, त्यामुळे "प्रोबायोटिकने लसीसारखं संरक्षण" अशी जाहिरात दिसली तर पान उलटा.

तळ्याकाठी

नऊ दिवसांनी परत आलो. धागा एवढा वाढेल वाटलं नव्हतं. सगळ्यांना दंडवत. सांगितलेलं सगळं केलं.

पिकले_केस काका, उताण्या धरून मोजल्या. पहिली पंधरा मिनिटं मला सगळ्या माद्याच वाटत होत्या. मोठ्या ३० मध्ये २२ माद्या. लहान ३० मध्ये १३. मऊ सात निघाल्या, त्या दोन्ही ढिगांतून काढून टाकल्या होत्या. म्हणजे नर-मादीचा वाटा आहे, पण लहान ढिगात १३ माद्या का, याचं उत्तर त्यात नाही.

नाकं सरळ. मिशा ठीक. आयएचएचएन निगेटिव्ह.

ईएचपी: दोन्ही ढीग पॉझिटिव्ह. पण मोठ्यांत पीसीआरच्या ३३ व्या सायकलला दिसला, लहानांत २४ व्या. प्रयोगशाळेतल्या ताई म्हणाल्या, सायकल जितकी लवकर तितका ईएचपी जास्त.

बेरीज_वजाबाकी

प्रत्येक सायकलला दुप्पट धरली तर ९ सायकल म्हणजे दोनचा नववा घात, सुमारे पाचशेपट. पचनग्रंथीतून चोर पाचशेपट जास्त. हा आकडा बोलका आहे.

तरी मी माझ्या धंद्याला जागून विचारणार: एकाच तळ्यात सगळ्यांनी तीच विष्ठा चिवडली, मग काहींत ३३ आणि काहींत २४ का?

सूक्ष्मदर्शी

आणि मी माझ्या धंद्याला जागून म्हणणार: ईएचपी आला की आतड्यातली वस्तीही बिघडते. पांढऱ्या विष्ठेचा रोग प्रयोगात उभा करताना नुसता ईएचपी पुरला नाही, जोडीला विशिष्ट व्हिब्रिओ द्यावा लागला, असं दाखवलेलं आहे. तेव्हा लहान ढिगाची आतडी आज तपासलीत तर जीवाणू वेगळे निघतीलच, आणि कुणीतरी त्यावरून पावडर विकेल.

रात्रपाळी

दोघांनी आपापला धंदा सांगितला, मीही सांगतो. पीएल, म्हणजे तळ्यात सोडायचं बीज, घेताना तपासलं होतंत का? ईएचपी बीजातून आला असेल तर मागे पडलेली पिल्लं पहिल्या दिवसापासून चोर घेऊन फिरतायत, तळ्यात आला असेल तर नंतर. मोठ्यांत उशिराची लागण आणि लहानांत लवकरची, असंही असू शकतं. म्हणजे रक्त नाही, पोट नाही, तारीख.

तळ्याकाठी

पीएलचा कागद होता. डब्ल्यूएसएसव्ही, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू, निगेटिव्ह एवढंच लिहिलंय. ईएचपीचा रकानाच नाही. मीही विचारलं नाही.

आता पुढे काय? औषध आहे का?

पिकले_केस

खात्रीचं औषध नाही, कुणी देऊ केलं तर नमस्कार करा. जास्त दिवस ठेवून लहान मोठे होणार नाहीत, फक्त खाद्य खातील. माल काढा. मग तळं पूर्ण वाळवा. जळका चुना, भिजवलेला नव्हे, हेक्टरी ६ टन पसरा, नांगरून दहा-बारा सेंटीमीटर खाली घाला आणि मग ओलावा द्या. मातीचा पीएच १२ च्या आसपास चढायला हवा, नाहीतर बीजाणू हसत बसतात. डोळ्यांना चष्मा, हातमोजे, आणि वारा पाठीशी ठेवून काम. माझ्या डाव्या डोळ्याला अजून धुरकट दिसतं ते याच चुन्याने, एका हंगामात अक्कल गहाण टाकली होती.

रात्रपाळी

आणि पुढचं बीज घेताना तीन प्रश्न विचारा. पीएलची ईएचपी पीसीआर कुठे आहे? आया केंद्राकडून आल्यात की तळ्यातून उचलल्यात? एका टाकीत किती दिवसांची पिल्लं मिसळलीत? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला तर समजून जा.

तळ्याकाठी

तिसरा प्रश्न आजच फोन करून विचारला. आधी म्हणाले, "एका दिवसाची." मग म्हणाले, "फार तर दोन." मग म्हणाले, रेंज नाहीये.

परवा पहाटे जाळं ओढतोय. चुन्याचं सांगून ठेवलंय, चष्मा आजच आणला. मोठ्या आणि लहान ढिगातल्या पाच-पाच कोळंब्यांची आतडी जपून ठेवायच्या द्रावणात ठेवलीत, पैसे जमले तर १६एस करून घेईन. कात टाकल्यापासून कितवा दिवस तेही डबीवर लिहायला गेलो, पण ते कोळंबीला विचारायचं राहून गेलं.

सूक्ष्मदर्शी

पोहायच्या पायाचं टोक भिंगाखाली बघा. कवच आणि आतली त्वचा सुटलेली दिसली तर कात जवळ आली. फोटो टाका, मी सांगते.

गंमतराव

एवढं वाचून झाल्यावर भावाला फोन केला. तो म्हणतो, लहानपणी तू वरणातल्या डाळीला हात लावत नव्हतास. रक्त नाही, जीवाणू नाही, चोर नाही. तरी एकदा पीसीआर करून घ्यावी म्हणतो.